तुमचं रनिंग किती?

परभणीचं पेट्रोल मनमाडहून येतं. नांदगाव तालुक्यातल्या पानेवाडीच्या डेपोत टँकर भरतो आणि सुमारे तीनशे किलोमीटर चालून वसमत रोडच्या, जिंतूर रोडच्या पंपांवर रिकामा होतो. त्या वाटेचं भाडं लिटरच्या भावात बसतं. त्यामुळे राज्यात पेट्रोल सर्वांत महाग कुठे, या बातमीत गेली काही वर्षं परभणीचं नाव हटकून असतं. २९ मे २०२१ ला मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली, तेव्हा परभणीकरांना त्याचं नवल उरलं नव्हतं. त्यांनी ती आधीच ओलांडली होती. एप्रिल २०२२ मध्ये मुंबईचा भाव १२० रुपये ५१ पैशांवर गेला आणि परभणी त्याच्याही वर होती. पुढे त्या मे महिन्यात केंद्राने अबकारी करात आठ रुपये कमी केले, जुलैत राज्याने व्हॅटमध्ये पाच रुपये सोडले, मार्च २०२४ मध्ये आणखी दोन रुपये उतरले. शंभराच्या खाली मात्र भाव आला नाही.

गाडी कोणती घ्यावी, हा प्रश्न घेऊन मी पुण्याहून परभणीला गेलो, कारण या प्रश्नाची धार इथे जास्त आहे. पुण्यात गाडी घेताना माणूस रंग बघतो, स्क्रीन बघतो, सनरूफ बघतो. इथे पहिला सवाल एकच असतो: ‘ॲव्हरेज किती देते?’

जिंतूर रोडवरच्या एका मेकॅनिकने हा सवाल तीस वर्षं ऐकलाय. टपरीवजा गॅरेज, समोर कडुलिंब, त्याच्या सावलीत सात-आठ मोटारसायकली. मी विचारलं, “मामा, सगळ्यात जास्त ॲव्हरेज कोणती गाडी देते?”

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. “गाडी ॲव्हरेज देत नसती, सर. रस्ता देतो, हात देतो अन् टायरातली हवा देती. तुमचं रनिंग किती ते सांगा आधी.”

मी महिन्याचा आकडा अंदाजाने सांगितला. “अंदाज नको,” ते म्हणाले. “एक महिना लिहून ठेवा, मग या.”

लेख लिहायला निघालो तेव्हा मला वाटलं होतं, दहा गाड्यांची तुलना करून एक-दोन नावं सुचवता येतील. मामांच्या त्या उत्तराने तो बेत मोडला, आणि मोडला ते बरं झालं.

कंपनीचा आकडा कुठून येतो ते आधी बघू. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे. जाहिरातीत ‘एआरएआय प्रमाणित’ असं छापतात ती हीच. कारची चाचणी रस्त्यावर होत नाही. चाकं रोलरवर ठेवतात, गाडी जागेवर उभी असते आणि चाकं फिरतात. सुमारे वीस मिनिटांचं ठरलेलं वेळापत्रक असतं: इतके सेकंद थांबा, इतका वेग घ्या, पुन्हा थांबा. सगळं मिळून साडेदहा किलोमीटरच्या थोडं पुढे. कमाल वेग ताशी ९०. एसी बंद. समोर म्हैस नाही, खड्डा नाही, मागच्या सीटवर सासूबाई नाहीत, टपावर गव्हाचं पोतं नाही. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा असल्यामुळे दोन गाड्यांमध्ये काटकसरी कोणती, हे तो आकडा नीट सांगतो. आपला महिन्याचा खर्च त्याच्यावरून काढू नये. मी स्वतः त्यातून चौथा हिस्सा वजा करून चालतो, आणि गर्दीच्या शहरात तोही कमी पडतो.

दुसरा घोळ मोजण्याच्या पद्धतीतच आहे. लिटरला किती किलोमीटर, असा आपण हिशोब करतो, पण पैसे किलोमीटरचे जात नाहीत, लिटरचे जातात. समजा, महिन्याला १,००० किलोमीटर रनिंग आहे. लिटरला ४५ देणाऱ्या मोटारसायकलीऐवजी ६० देणारी घेतली, तर पेट्रोल २२ लिटरवरून पावणेसतरावर येतं, साडेपाच लिटर वाचतात. त्याच रनिंगला लिटरला १२ देणाऱ्या कारऐवजी १५ देणारी घेतली, तर ८३ लिटरचे ६७ होतात, साडेसोळाहून जास्त लिटर वाचतात. ऐकताना १५ किलोमीटरची सुधारणा मोठी वाटते आणि तीनची किरकोळ. खिशात मात्र तीनवाली तिपटीने भारी पडते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात नेमका हाच भ्रम दाखवून दिला होता. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर, असं मोजतात. तिथे हा घोटाळा होत नाही. घरात दोन गाड्या असतील आणि एकच बदलणं परवडत असेल, तर आधी जास्त पिणारी बदलावी. बहुतेक घरांत मी याच्या उलट होताना बघितलं आहे.

मामांच्या गॅरेजात एक दूधवाला भेटला. दोन्ही बाजूंना कॅन, रोजचं साठ किलोमीटर, महिन्याला १,८०० किलोमीटर. गाडी नऊ वर्षांची, ॲव्हरेज ४५ वर आलेलं. पेट्रोल परवडत नाही म्हणून नवीन घ्यायच्या विचारात होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आल्याने तो आणखीच उतावीळ झालेला. आम्ही तिथेच पाटीवर खडूने हिशोब मांडला, पेट्रोल लिटरला १०५ धरून. नवी गाडी खरोखर ६० देईल असं मानलं, तर महिन्याला दहा लिटर वाचतील, म्हणजे १,०५० रुपये. गाडीला ऐंशी हजार लागणार. जुनीचे पंचवीस आले, तरी उरलेले पंचावन्न हजार वसूल व्हायला चार वर्षं आणि चार महिने लागतात, तेही व्याज न धरता.

मामांनी मागचं चाक हाताने फिरवून दाखवलं. दोन वेढ्यांत थांबलं. ब्रेक घासत होता, चेन सुकून आवळलेली, हवा कमी, क्लच प्लेटा संपत आलेल्या. अडीच हजारांचं काम. आठवड्याने दूधवाल्याचा फोन आला: ५२. या हिशोबाने महिन्याला साडेपाच लिटरच्या आसपास वाचतात आणि अडीच हजार पाच महिन्यांच्या आत परत येतात. नवी गाडी घेऊ नये असं मी त्याला म्हणणार नाही. जुनी मोडकळीला आली की घ्यावीच लागेल. पण पेट्रोल वाचवायला नवी गाडी, हे कारण फार थोड्या लोकांच्या बाबतीत खरं ठरतं. ज्याला तसंही गाडी बदलायची आहे, त्याने काटकसरी गाडी निवडावी, हे वेगळं.

या गॅरेजात आता एक धंदा बंद झालाय. पूर्वी कार्बोरेटरचा स्क्रू पिळून ‘सेटिंग मारून’ देत. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं, इंजेक्शनच्या गाड्या आल्या, पेट्रोल किती सोडायचं ते आता संगणक ठरवतो. “आता हातात हवा, चेन अन् ब्रेक एवढंच ऱ्हायलं,” मामा म्हणाले. तेवढ्यावरही बरंच अवलंबून असतं, हे त्या दूधवाल्याच्या चाकाने दाखवलंच.

भाव चढतो तेव्हा माणूस घाईत निर्णय घेतो, आणि गाडी दहा-पंधरा वर्षं राहते. याची सर्वांत मोठी शिकवण डिझेलने दिली आहे. जून २०१० मध्ये पेट्रोलचा भाव बाजारावर सोडला गेला, डिझेल सरकारी नियंत्रणात राहिलं. २०१२ च्या मध्याला दोघांतलं अंतर लिटरमागे तीस रुपयांच्या घरात गेलं. त्या दोन-तीन वर्षांत मराठवाड्यातल्या शिक्षकांनी, डॉक्टरांनी, कापसाचे पैसे हातात आलेल्या शेतकऱ्यांनी डिझेल गाडीशिवाय विचार केला नाही. मानवतच्या एका निवृत्त गृहस्थांनी मला त्यांची गाडी दाखवली. पेट्रोलच्या मॉडेलपेक्षा सव्वा लाख जास्त मोजले होते. रनिंग महिन्याला सहाशे किलोमीटर. तेव्हाच्या भावाने किलोमीटरमागे पावणेतीन रुपये वाचत होते, म्हणजे सव्वा लाख फिटायला ४५,००० किलोमीटर, सहा वर्षांहून जास्त. तो काळ भरण्याआधीच पाया सरकला. जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा पन्नास पैशांनी वाढत गेलं, ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही नियंत्रणमुक्त झालं आणि अंतर दहा-पंधरा रुपयांवर आलं. मग २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि मारुतीने डिझेल कार बनवणंच थांबवलं.

“तवा सगळेच घेत होते,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र वाईट वाटलं. त्या माणसाने गणित चुकवलं नव्हतं, गणितातला एक आकडा सरकारच्या हातात होता आणि तो कायम तसाच राहील असं त्यांनी धरलं होतं. ज्याचं रनिंग महिन्याला तीन-चार हजार किलोमीटर आहे, ओझं जड आहे, रस्ता लांबचा आहे, त्याच्यासाठी डिझेल आजही योग्य आहे. लिटरमागे ऊर्जा जास्त, इंजिन काटकसरी. पण गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरवायला नवी डिझेल गाडी घेऊ नये. तिच्या धुरकांड्यातला काजळी अडवणारा फिल्टर तापायला सलग पळणं लागतं, नाहीतर तो चोंदतो.

सीएनजीच्या बाबतीत तेच नाटक पुन्हा घडलं, फक्त झटपट. १ एप्रिल २०२२ ला महाराष्ट्राने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीनवर आणला आणि पुण्यात किलोचा भाव ६२ रुपयांवर उतरला. त्याच दिवशी केंद्राने देशी गॅसचा मूळ दर दुपटीहून वर नेला. वर्ष संपायच्या आत पुण्यातला भाव नव्वदीच्या घरात होता. एप्रिलमध्ये बुकिंग केलेल्या माझ्या एका शेजाऱ्याला गाडी हातात मिळेपर्यंत गणित बदललेलं होतं.

तरीही आजच्या भावाने मांडून बघू. एकाच गाडीचं सीएनजी मॉडेल पेट्रोलपेक्षा सुमारे नव्वद हजारांनी महाग. रस्त्यावर पेट्रोलला १८, गॅसला किलोमागे २५ किलोमीटर धरले आणि गॅस ९० रुपये किलो धरला, तर पेट्रोलवर किलोमीटरला ५ रुपये ८३ पैसे, गॅसवर ३ रुपये ६० पैसे. नव्वद हजार फिटायला चाळीस हजार किलोमीटर. ज्याचं रनिंग महिन्याला हजार आहे त्याला सव्वातीन वर्षांहून थोडी जास्त. ज्याचं चारशे, त्याला आठाच्या पुढे. शिवाय डिकी गेली, दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट आली आणि पंपावरची रांग आली. तळेगाव–चाकणच्या पट्ट्यात रिक्षावाले पहाटे चारला रांगेत उभे असतात. त्यांची एक खेप रांगेत जाते, हा खर्च कुठल्याच जाहिरातीत नसतो. ५ जुलै २०२४ ला बजाजने पुण्यात सीएनजीवर चालणारी मोटारसायकल आणली, जगातली पहिली. दोन किलोची गॅसची टाकी, जोडीला दोन लिटर पेट्रोल. डिलिव्हरी करणाऱ्या, दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर फिरणाऱ्या पोरांसाठी ती विचार करण्यासारखी आहे, मात्र जवळ गॅस मिळत असेल तरच.

हायब्रिडबद्दल थोडक्यात. ब्रेक दाबल्यावर वाया जाणारा वेग ती बॅटरीत साठवते, म्हणून थांबत-निघत चालणाऱ्या शहरात तिचं तेज दिसतं. २०२२ मध्ये आलेल्या ग्रँड विटाराच्या हायब्रिडचा प्रमाणित आकडा २७.९७ आहे. किंमतही तशीच आहे. पंधरा-वीस लाखांच्या गाडीची चर्चा या लेखात लांबवण्यात मला रस नाही.

विजेच्या स्कूटरबद्दल मला सर्वांत नेमकं एका आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरनी सांगितलं. त्यांचं रोजचं ३४ किलोमीटर ठरलेलं. लसीकरणाचा दिवस असो, गरोदर बाईची भेट असो, वाट तीच. महिन्याला ८५० किलोमीटर. पेट्रोलची स्कूटर ४२ द्यायची, म्हणजे महिन्याला एकवीसशे रुपये. विजेवर शंभर किलोमीटरला साडेतीन युनिट धरले तर महिन्याला तीस युनिट. “सर, पण तीस युनिटनी आमचं बिल शंभराच्या पुढच्या स्लॅबात गेलं, हे शोरूमवाल्याने नव्हतं सांगितलं,” त्या म्हणाल्या. महावितरणचा शंभर युनिटांपर्यंतचा दर वेगळा आणि पुढचा बराच चढा. म्हणून वाढलेलं युनिट सरासरी दराने न मोजता वरच्या दराने मोजायला हवं. बारा रुपये धरले तरी साडेतीनशे होतात. महिन्याला साडेसतराशे वाचले. तीस हजार जास्त मोजले होते, ते दीड वर्षाच्या आतच फिटले.

त्यांचं जमलं याचं कारण सिस्टरनी स्वतःच सांगितलं: रोजचा आकडा ठरलेला, रात्री गाडी अंगणात उभी आणि अंगणात बोर्ड. रात्री लाइट गेली तर पहाटे चार्ज होते. माझ्या पुण्याच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला हे जमत नाही. वाहनतळात पॉइंट घेण्यावरून तिथे सभा होतात आणि भांडणं होतात. ज्याची शेती बारा किलोमीटरवर, बाजार पंचवीसवर, लेक सत्तरवर आणि निघायची वेळ कधीही, त्यानेही नीट विचार करावा. बॅटरी जुनी होते तसा पल्ला आखडतो. आज ज्याला नव्वद पुरतात, त्याने पाच वर्षांनी सत्तर पुरतील का हे विचारून घ्यावं आणि बॅटरीची वॉरंटी शब्दशः वाचावी.

पंपावर अलीकडे दुसरीच तक्रार ऐकू आली: भाव तोच आहे, पण टाकी लवकर संपते. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते, म्हणून थोडी घट होणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच ती लिहिलेली आहे: जुन्या धाटणीच्या कारना सहा-सात टक्के, दुचाकींना तीन-चार टक्के, नव्या मिश्रणासाठी बसवलेल्या कारना एक-दोन टक्के. इथेनॉलमुळे उसाला आणि मक्याला गिऱ्हाईक मिळालं, हेही मराठवाड्यात विसरून चालत नाही. पण लिटरमागची ऊर्जा कमी झाली तर भावही त्या मानाने कमी व्हायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं. जुनी गाडी घेताना आता एक प्रश्न वाढवावा: ही गाडी ई-२० साठी बनली आहे का? २०२३ नंतरच्या बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत ते छापलेलं असतं.

हात देतो, असं मामा म्हणाले होते, त्याचा अनुभव समृद्धी महामार्गावर येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ने जाताना गाडी हवेला जितकं ढकलते, त्याच्या सव्वादोन पट १२० ला ढकलावं लागतं. जालन्याहून नागपूरला जाऊन आलेले लोक कंपनीला शिव्या देतात. खरं तर तोच ड्रायव्हर नव्वदने जाऊन आला असता तर त्याच गाडीने वेगळा आकडा दाखवला असता. उंच, चौकोनी गाडीला हा भुर्दंड जास्त, बुटक्या सेडानला कमी. महामार्गच ज्याचं आयुष्य आहे त्याने गाडीचा आकार बघावा. गावात फिरणाऱ्याने वजन बघावं, कारण दर सिग्नलला तेवढं वजन पुन्हा नव्याने पळवायचं असतं.

एसटीच्या डेपोत ॲव्हरेजला केपीटीएल म्हणतात, दहा लिटरमागे किती किलोमीटर. लिटरचा हिशोब काढला तर बस साडेचारच्या आसपास देते. तिच्यात चाळीस माणसं बसली, तर एका लिटरमध्ये माणशी १८० किलोमीटर झाले. एकट्याने चालवलेली कुठलीही मोटारसायकल याच्या जवळपास येत नाही. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झाल्यावर जिंतूर, गंगाखेडच्या गाड्यांना सकाळी उभं राहायला जागा नसते. गाडी कोणती घेऊ, असं विचारणाऱ्या एका तरुण शिक्षिकेने महिनाभर एसटीने अपडाऊन करून बघितलं आणि गाडीचा विचार सोडला. पण तिची शाळा हमरस्त्यावर आहे. ज्यांची आत सात किलोमीटर आहे, त्यांना संध्याकाळी पाचनंतर काळी-पिवळीही मिळत नाही. या सात किलोमीटरसाठी माणूस गाडी घेतो. चुकलेल्या बसफेऱ्यांचे पैसे असे घराघरातून पेट्रोलच्या रूपाने वसूल होतात, याचा मला राग येतो.

अपडाऊन करणाऱ्या चार शिक्षकांबरोबर शेवटच्या दिवशी मी गेलो. चौघांच्या शाळा जिंतूर तालुक्यात, एकाच वाटेवर, सर्वांत दूरची परभणीपासून ४३ किलोमीटर. २०२२ च्या त्या उन्हाळ्यापर्यंत चौघे चार मोटारसायकलींवर जायचे. पावसात भिजायचे, एकदा एक जण पडलाही. मग एकाने वही काढली. मोटारसायकल ५५ देते, लिटरला १०५ च्या भावाने किलोमीटरला एक रुपया ९१ पैसे. कार १८ देते, किलोमीटरला पाच रुपये ८३ पैसे. चारांत वाटलं तर माणशी एक रुपया ४६ पैसे. कार मोटारसायकलीपेक्षा स्वस्त पडली, हे त्यांना स्वतःलाच खरं वाटेना, म्हणून त्यांनी टाकी फुल्ल करून, झिरो बघून, रीडिंग लिहून तीन महिने मोजलं. चौघांनी मिळून नवं काहीच घेतलं नाही. दोघांच्या घरी कार होत्या, आठवड्याआड एकेकाची निघते. दुरुस्तीसाठी किलोमीटरमागे एक रुपया वेगळा काढतात. उशीर करणाऱ्यासाठी पाच मिनिटं थांबायचं, सहावं नाही, हा एकमेव नियम.

सकाळी साडेआठला जिंतूर नाक्यावर गाडी आली. मागच्या सीटवर मधे मला बसवलं. बोरीच्या पुढे सोयाबीन काढलेली रानं दिसत होती, एका बांधावर गंजी झाकायचं काम चाललं होतं. साठ-पासष्टच्या वर काटा गेला नाही. डबे, बदल्या, निवडणुकीची ड्युटी, कुणाच्या तरी मुलीची बारावी, असं बोलणं चाललेलं. शाळेशी उतरताना मी विचारलं, माझे किती झाले? पुढे बसलेल्या गुरुजींनी आधी नको-नको केलं. मग चालवणारे म्हणाले, “घ्या सर, नाहीतर हिशोब चुकेल.” त्रेचाळीस किलोमीटर, पाच माणसं. गुरुजींनी माझी पन्नासची नोट घेतली, डॅशबोर्डातली वही काढली, रीडिंग लिहिलं आणि त्याच्यासमोर लिहिलं: पाहुणे – ५०.